कपाट भरलेलं, घालायला काही नाही

पेहरावाची स्वतःची शैली कशी शोधावी, याबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. बरेच प्रश्न एकाच वळणाचे होते, म्हणून काही एकत्र केले आहेत.

कपाट गच्च भरलंय, पण रोज सकाळी घालायला काही सापडत नाही. शेवटी तेच चार-पाच कपडे फिरवून फिरवून घालते. माझी स्टाइल नेमकी कोणती, हे ठरवायला सुरुवात कुठून करू?

त्या चार-पाच कपड्यांपासूनच. ज्यांची तुम्हाला थोडी लाज वाटतेय, त्यांच्यातच उत्तर आहे.

ते कपडे बाहेर काढून पलंगावर पसरा आणि प्रत्येकाबद्दल कागदावर लिहा: गळा कसा आहे, बाही कुठे संपते, वरचा कपडा कमरेवर थांबतो की कुल्ह्यांच्या खाली जातो, कापड जाड की पातळ, अंगालगत की सैल, रंग कोणता, इस्त्री लागते का. पाच कपड्यांच्या पाच ओळी झाल्या की कागद उभा वाचा. दोन-तीन गोष्टी जवळजवळ सगळ्यांत सारख्या निघतील. कुणाच्या बाबतीत बाही कोपराशी थांबते, कुणाचा गळा कधीच बंद नसतो, तर कुणाचं कापड नेहमी थोडं वजनदार असतं. तुमच्या शैलीचा पाया तिथे आधीच घातलेला आहे, त्याला फक्त नाव दिलेलं नव्हतं.

आता वर्षभर अंगाला न लागलेले पाच कपडे काढा आणि प्रत्येकाचं कारण एका वाक्यात लिहा. इथे खरं लिहायचं. 'मूड नसतो' हे कारण नव्हे. काखेत टोचतं, बसलं की पोटावर काचतं, याच्यावर घालायला खाली काही नाही, इस्त्रीला वीस मिनिटं जातात, अशी खरी कारणं असतात. टोचतं-काचतं ही फिटिंगची तक्रार आहे, ती कदाचित दुरुस्त होईल. जोडी नसलेल्या कपड्याला एखादी साधी पँट मिळाली तर तो वापरात येईल. इस्त्रीवाला कपडा वाईट नाही, पण तो तुमच्या सकाळचा नाही. आणि काही कपडे आपण जगत नसलेल्या आयुष्यासाठी घेतलेले असतात. आठवड्यातले पाच दिवस कामावर जाणाऱ्या माणसाचं निम्मं कपाट समारंभाच्या कपड्यांनी भरलेलं असेल, तर घालायला काही नाही ही तक्रार अगदी खरी आहे.

पुढचे 21 दिवस रोज एक फोटो काढा. जागा तीच, उजेड दिवसाचा, पूर्ण अंग पादत्राणांसकट. फोन छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि टायमर लावा. हात वर करून वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि दोष पँटवर जातो. संध्याकाळी फोटोखाली एकच शब्द लिहा: 'मोकळं', 'सारखं ओढत होते', 'उकडलं', 'छान'. या काळात नवीन काही घ्यायचं नाही. शेवटी सगळे फोटो एकत्र पाहिले की आरशात एकेकट्याने न दिसणारं बरंच काही दिसतं.

'क्लासिक', 'बोहो', 'मिनिमल' असं लेबल आधी निवडून मग खरेदीला निघण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. आम्हाला तो पटत नाही. आधी नाव ठरवायचं आणि मग त्या नावाला शोभेल असं बाळ शोधायचं, असा तो प्रकार आहे. शब्द हवेतच असतील तर 21 दिवसांनंतर तीन निवडा, आणि तेही कपडा निवडायला उपयोगी पडतील असे. 'सुंदर' या शब्दाने काही निवडता येत नाही. 'सरळ रेषेचा', 'मऊ', 'गडद' हे शब्द दुकानात कामाला येतात.

आवडलेले फोटो फोनमध्ये साठवतो. तसेच कपडे घेतो, पण अंगावर ते तसे दिसत नाहीत. माझं शरीर चुकीचं आहे की निवड?

दोन्ही नाही. फोटो वाचायची पद्धत बदला.

पहिली गोष्ट म्हणजे, जाहिरातीच्या फोटोंमध्ये कपडा पाठीमागून चिमटे लावून ओढलेला असणं ही सर्रास चालणारी रीत आहे. समोरून दिसणारं फिटिंग त्या कपड्याचं असतंच असं नाही.

दुसरी गोष्ट, फोटोत नेमकं काय आवडलं हे तपासा. अंगठ्याने चेहरा झाका, मागची भिंत आणि झाडं झाका, आणि उरलेला कपडा पाहा. अजून आवडतो का? बऱ्याचदा आपल्याला केस, ऊन किंवा उभं राहण्याची ढब आवडलेली असते. या चाचणीतून टिकलेले पंधरा फोटो निवडा आणि त्यातल्या दहांत तरी दिसणारी गोष्ट शोधा. एकदाच दिसलेली गोष्ट सोडून द्या.

तिसरी गोष्ट प्रमाणाची, आणि बहुतेक नकला इथेच फसतात. वरचा कपडा आणि खालचा कपडा दिसायला निम्मे-निम्मे झाले की आकृती चौकोनी आणि ठेंगणी वाटते. साधारण एक भाग वर आणि दोन भाग खाली, किंवा उलट, असं विभागलं की डोळ्याला बरं वाटतं. म्हणून तोच शर्ट पँटमध्ये खोचल्यावर वेगळा दिसतो. खोचायचा नसेल तर त्याची खालची कड कुल्ह्याच्या सर्वांत रुंद जागी थांबू देऊ नका. दोन-तीन बोटं वर किंवा चांगली खाली असू द्या. तुमचं धड लांब आणि पाय आखूड असतील तर कंबर उंच असलेली पँट हा फरक भरून काढते. पाय लांब असतील तर सैल, लांब वरचा कपडा बिनधास्त घाला.

चौथी गोष्ट कापडाची. फोटोतला शर्ट लिननचा होता आणि तुम्ही त्याच रंगाचा पॉलिएस्टरचा घेतला, तर कट तोच असूनही तो वेगळाच पडेल. लिनन अंगापासून थोडं दूर उभं राहतं. पातळ पॉलिएस्टर घसरतं आणि कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे अंगाला चिकटतं. व्हिस्कोस जड पडतं, म्हणून लोंबणाऱ्या कपड्यांना छान, पण कडक कॉलरला नाही.

नक्कल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं की काय जमलं आणि काय बिघडलं ते कळत नाही.

आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो, हे खरं का?

जितकं ठामपणे सांगितलं जातं तितकं नाही. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1867 मध्येच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो, तर उभ्या रेघांचा रुंद. अंगावर मात्र रेघेची रुंदी आणि कापडाचा ताण जास्त बोलतात. घट्ट कपड्यात रेघ पोटावर वाकते, आणि ती वाकलेली रेघच गोलाई दाखवते. रेघा आवडत असतील तर बारीक रेघांचा, अंगावर न ताणला जाणारा कपडा घ्या.

मला कोणते रंग शोभतात ते घरच्या घरी कसं ओळखायचं? फोनवरच्या एका ॲपने 'उन्हाळा' सांगितलं, दुसऱ्याने 'शरद'.

ॲप तुमचा फोटो पाहतं, आणि फोन त्या फोटोतले रंग स्वतःच्या अंदाजाने बदलत असतो. पिवळ्या दिव्याखाली तो निळसरपणा वाढवतो, फिल्टर त्वचा उजळतो. दोन ॲपची दोन उत्तरं यायचीच. त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगांवरून माणसांची चार ऋतूंत वाटणी करण्याची पद्धत 1980च्या दशकात खूप लोकप्रिय झाली. सुरुवात करायला ती ठीक आहे, पण तिला जन्मपत्रिकेचा दर्जा देऊ नका.

घरी असं करा. दिवसा खिडकीसमोर उभे राहा. ऊन थेट अंगावर नको, आणि शेजारची भिंत गडद रंगाची नको, कारण तिचा रंग चेहऱ्यावर पडतो. मेकअप पुसा, केस मागे घ्या, अंगात पांढरा किंवा राखाडी कपडा असू द्या. मग हनुवटीखाली जोड्यांनी कपडे धरा: शुभ्र पांढरा आणि मोतिया, काळा आणि गडद निळा, केशरीकडे झुकणारा लाल आणि जांभळ्याकडे झुकणारा लाल. पाहायचं कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे. डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली का? ओठांभोवतीची सावली वाढली का? नजर आधी कुठे जाते, चेहऱ्यावर की कपड्यावर? कपड्यावर जात असेल तर तो रंग तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलतोय.

दुसरी चाचणी फरकाची. चेहऱ्याचा फोटो कृष्णधवल करा. केस आणि त्वचा यांच्यातला फरक ठळक असेल तर काळा-पांढरा अशा ठळक जोड्या तुम्हाला सहज पेलतील. फरक कमी असेल तर जवळच्या छटांच्या जोड्या जास्त निवांत दिसतात. केस पिकू लागले किंवा रंगवले की हा फरक बदलतो, आणि अनेकांना नेमकं त्याच सुमाराला आपले जुने रंग अचानक उतरल्यासारखे वाटतात. हे सगळं चेहऱ्याजवळच्या कपड्यापुरतं आहे. न शोभणारा पण आवडता रंग पँटमध्ये, बुटांत, पिशवीत खुशाल वापरा.

एकूण कपड्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश दोन-तीन शांत रंगांत असू द्या, म्हणजे जोड्या आपोआप जमतात. उरलेल्यांत हौस.

रंग जुळवताना एक फसगत नेहमी होते. दुकानात हुबेहूब जुळलेला काळा शर्ट आणि काळी पँट बाहेर आल्यावर वेगळे दिसतात, एक तांबूस आणि दुसरी हिरवट. दोन्हींत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि ती एका प्रकाशात सारखी, दुसऱ्यात वेगळी दिसतात. म्हणून जोडी दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहा. जुळत नसेल तर जवळपासची छटा घेण्यापेक्षा स्पष्ट वेगळी छटा घ्या. जवळपासची छटा चुकल्यासारखी दिसते.

मी फक्त काळं आणि राखाडी घालतो. लोक कंटाळवाणं म्हणतात. रंग घालायलाच हवेत का?

नाही. मात्र रंग नसला की बाकी सगळं उघडं पडतं. कापडाचा पोत, कट, धुऊन विटलेला काळा, लोकरीवरचे गोळे, सगळं दिसतं. खरबरीत आणि गुळगुळीत, मंद आणि चकचकीत अशी कापडं एकत्र घाला. काळे कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

ऑनलाइन मागवलेल्या दर तीन कपड्यांपैकी एक परत जातो. माझं माप 'एम' आहे, पण कधी सैल, कधी घट्ट.

'एम' हे माप नाही, ते प्रत्येक कंपनीने स्वतःपुरतं ठरवलेलं नाव आहे. तुमच्याकडच्या सर्वांत चांगल्या बसणाऱ्या शर्टाची मापं घ्या, स्वतःच्या अंगाची नव्हे. शर्ट सपाट पसरा, बटणं लावा, सुरकुत्या हाताने काढा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की छाती मिळते. मग खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून कफपर्यंत बाही, आणि मागच्या कॉलरखालून खालच्या कडेपर्यंत उंची. पँटसाठी कंबर, सीट, मांडी, पायाची आतली लांबी, मोहरी (पायाच्या तळाचा घेर) आणि पुढचं आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपासून कमरेपर्यंतची उंची. लोक कंबर आणि लांबी पाहतात आणि आसन विसरतात. पँट बसताना काचते किंवा खाली लोंबते ती बहुधा आसनामुळेच.

हा कागद फोनमध्ये ठेवा आणि तक्त्याशी ताडून पाहा. तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे आधी वाचा. न ताणणाऱ्या कापडाच्या साध्या शर्टाची छाती अंगापेक्षा 8 ते 12 सेंमी जास्त असते. कपड्याचं माप अंगाचं समजून मागवलं तर शर्ट तेवढा घट्ट येणार. होजिअरीचा टी-शर्ट अंगाइतका असला तरी चालतो, कारण वीण ताणली जाते. सुती कपडा आधी आकसवलेला नसेल तर पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतो. 70 सेंमी उंचीच्या शर्टाला 5 टक्के म्हणजे साडेतीन सेंमी. कमरेवर जेमतेम पोचणाऱ्या शर्टाला हे परवडत नाही.

कोणते कपडे शिंप्याकडे नेऊन सुधारतात आणि कोणते सोडून द्यावेत?

खांदा बसत असेल तर कपडा ठेवा, नसेल तर सोडा. हा एकच नियम पाठ केला तरी पुष्कळ झालं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी. (मुद्दाम उतरत्या खांद्याचे कपडे वेगळे, तिथे शिवण दंडावर असते ती ठरवूनच.) खांदा बदलायचा तर बाही उसवायची, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) पुन्हा कापायचा, बाही नव्याने बसवायची. अस्तर आणि भरण असलेल्या जॅकेटमध्ये हे काम नव्या कपड्याइतकं खर्चिक पडतं आणि तरी खात्री नसते. खोल मुंढा वर घेता येत नाही आणि आखूड आसन वाढवता येत नाही, कारण कापडच शिल्लक नसतं.

सहज होणारी कामं म्हणजे पँटची लांबी, साध्या बाहीची लांबी, बाजूच्या शिवणीतून घेर कमी करणं. सैल शर्टाला पाठीवर दोन टक, म्हणजे शिवून पक्क्या केलेल्या निमुळत्या चुण्या, घातले की आकार येतो. प्रत्येक टक 1 सेंमी खोल असेल तर त्यात 2 सेंमी कापड जातं, म्हणजे दोघांत मिळून 4. पँटची कंबर 4-5 सेंमीपर्यंत आत घ्यावी. त्यापुढे मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात आणि पँट मागून विचित्र दिसते. बाहीच्या कफवर बटणं आणि काजं असतील तर लांबी कमी करण्याआधी विचारा, कारण पट्टी आखूड पडते.

कपडा वाढवण्याला मर्यादा आहे. तयार कपड्यात शिवणीच्या आत बऱ्याचदा सेंटिमीटरभरच कापड सोडलेलं असतं. कपडा उलटा करून स्वतः पाहा. लांबी वाढवली तर जुन्या मुडपीची रेघ राहते, आणि रेशीम किंवा चामड्यावर सुईची छिद्रंही.

नेमकं कुठे बिघडलंय, ते सुरकुत्या सांगतात. बटणापासून दोन्ही बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या म्हणजे तिथे घट्ट. उभ्या, सैल घड्या म्हणजे कापड जास्त. मांडीच्या वरून आडव्या ताणलेल्या रेघा म्हणजे सीट किंवा मांडी अपुरी. शिंप्याला 'फिटिंग करून द्या' असं सांगू नका. सुरकुती दाखवा, किती सेंटिमीटर ते ठरवून तिथेच टाचण्या लावून घ्या, आणि त्या टाचण्यांसकट एकदा बसून पाहा. नेण्याआधी कपडा एकदा धुतलेला हवा, आणि पँटची लांबी घालायचे बूट पायात असतानाच मोजायची.

नवे टी-शर्ट दोन महिन्यांत जुने दिसतात. बाजूची शिवण पोटावर येते, काखेखाली गोळे धरतात.

शिवण सरकते, कारण एकेरी विणीच्या कापडात सुताचा पीळ धुतल्यावर मोकळा होऊ पाहतो आणि पूर्ण कापड तिरपं फिरतं. शिंपी ते दुरुस्त करू शकत नाही. घेतानाच टी-शर्ट खांद्यांना धरून लोंबवा. न धुतलेलाच तिरपा लोंबत असेल तर पुढे आणखी फिरेल.

गोळे धरतात ते घासण्यामुळे. आखूड तंतू सुटून गुंततात. शुद्ध सुतात ते बऱ्याचदा झडून जातात. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात मजबूत तंतू गोळ्याला धरून ठेवतात, म्हणून तिथे ते जास्त साचतात. कापडाचं वजनही विचारा: दर चौरस मीटरला 140-150 ग्रॅमचा टी-शर्ट पातळ आणि आत घालायला ठीक. एकटा घालायचा तर 180 ते 200 बरा पडतो.

कामावर गणवेश आहे. मग माझी शैली कुठे दाखवणार?

फिटिंगमध्ये, बाही दुमडण्याच्या पद्धतीत, पट्टा, बूट, घड्याळ यांत. चष्मा असेल तर सर्वांत आधी त्यात, कारण तो दिवसभर चेहऱ्यावर असतो आणि तरी लोक तो दहा मिनिटांत निवडून मोकळे होतात. पट्टा आणि बूट एकाच रंगकुळातले ठेवलेत तर गणवेशही ठरवून घातल्यासारखा दिसतो.

दुकानात मला भुरळ पडते आणि घरी आल्यावर पस्तावा होतो. ट्रायल रूममध्ये नेमकं काय तपासू?

आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. खाली बसा आणि पोट, मांडी आणि पाठीमागची कंबर तपासा. दोन्ही हात वर करा, शर्ट किती वर येतो ते पाहा. हात पुढे घेऊन एकमेकांवर ठेवा, पाठीत ताण येतो का? वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. बटणांच्या मधल्या फटी बाजूने पाहा, समोरून त्या दिसत नाहीत.

मग कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. सुरकुती तशीच राहिली तर दुपारी तुमचा कपडा तसाच दिसणार आहे. ताणणारं कापड गुडघ्याच्या जागी ओढून सोडा. लगेच जागेवर आलं नाही तर तिथे फुगा धरणार. पांढऱ्या कपड्याच्या आत हात घालून उजेडाकडे धरा. आतलं लेबल वाचा, फक्त ड्रायक्लीन असं असेल तर महिन्यातून किती वेळा ते करवून आणाल, याचा हिशेब तिथेच करा.

आणि घरात आधीच असलेल्या कोणत्या तीन कपड्यांबरोबर हा जाईल, ते नावानिशी सांगता येतं का पाहा. 'निळ्या जीन्सवर' चालेल, 'कशावरही' चालणार नाही. तीन सांगता आले नाहीत तर कपडा हँगरवर परत ठेवा. दुसऱ्या दिवशीही तो डोक्यातून गेला नाही आणि तोवर तिसरी जोडी आठवली, तर जाऊन आणा.